पत्ते जमले, आता मन वाचायचंय? नवशिक्या जादूगारासाठी मेंटॅलिझम

दोन-चार पत्त्यांचे आयटम हातात बसलेत, दोरी कापून जोडता येते, सोसायटीच्या गणपतीत किंवा शाळेच्या गॅदरिंगला वीसेक मिनिटं निभावून नेता येतात आणि आता कार्यक्रमात 'मनातलं ओळखणं' आणायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. ज्यांनी अजून लोकांसमोर एकही जादू केलेली नाही, त्यांनी आधी ती करावी. मेंटॅलिझमला हातचलाखी कमी लागते म्हणजे ते सोपं, असं धरून बरेच जण थेट इथूनच सुरुवात करतात आणि तोंडावर आपटतात.

इथे बघायला काहीच नसतं. ना रुमाल, ना कबुतर. एक चिठ्ठी, एक पेन आणि समोर उभा केलेला, जरासा बिचकलेला माणूस. पत्त्यांचा खेळ करताना आपली नजर आपल्याच बोटांवर असली तरी खपून जातं. इथे नजर त्या माणसावर हवी. सफाईदार हातांचे जादूगार नेमके इथे अडतात. सगळं बिनचूक करतात, पण सगळा वेळ चिठ्ठीकडे बघत राहतात. मग प्रेक्षकही चिठ्ठीकडेच बघतो, आणि चिठ्ठीकडे बघणाऱ्या प्रेक्षकाला गोम कळायला फार वेळ लागत नाही.

आपल्या रस्त्यावर हे सगळं होतंच

रस्त्यावरचा जादूवाला पोराला चादरीखाली झोपवून गर्दीतल्या एखाद्याचं घड्याळ हातात घ्यायचा आणि ओरडायचा, 'जमुरे, साहब के हाथ में क्या है?' चादरीखालून उत्तर यायचं, 'घड़ी!' हा दोन माणसांचा संकेत. प्रश्न कसा विचारला, आधी कोणता शब्द आला, मध्ये किती थांबला, यात उत्तर दडलेलं असायचं. सिडनी आणि लेस्ली पिडिंग्टन या ऑस्ट्रेलियन जोडप्याने १९४९-५० च्या सुमारास बीबीसी रेडिओवर असेच दोघांचे मनकवडे प्रयोग करून इंग्लंडला वेड लावलं होतं. त्यांनी आपली रीत कधी उघड केली नाही.

नंदीबैलही याच घराण्यातला. 'सांग सांग भोलानाथ' म्हटल्यावर मान हलते ती ढोलक्याच्या गुबुगुबूवर आणि मालकाच्या इशाऱ्यावर. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कार फुंगस्टने त्याचा अभ्यास करून १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि घोडा तेवढं पाहून थांबायचा. गंमत अशी की विचारणाऱ्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. पुढच्या एका प्रयोगात हेच आपल्या कामी येणार आहे.

पहिला प्रयोग: एक चिठ्ठी पुढे

इंग्रजीत याला 'वन अहेड' म्हणतात. शिकायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण हातांचं काम जवळजवळ शून्य आणि माणसं हाताळायचं काम भरपूर.

तीन कोऱ्या चिठ्ठ्या, एक पेन, एक स्टीलचा पेला. टेबलावर तीन वस्तू: किल्ली, नाणं, सुपारी. प्रेक्षकांतून एखाद्या काकूंना बोलवा. 'काकू, लहानपणीची एक मैत्रीण आठवा. नाव सांगू नका.' त्यांच्याकडे बघा, जरा थांबा, पहिल्या चिठ्ठीवर लिहा, घडी घालून पेल्यात टाका. मग विचारा, 'काय नाव?' 'शकू.' दुसरी चिठ्ठी: 'पुन्हा जावंसं वाटतं असं एक गाव.' लिहा, घडी, पेला. 'कुठलं?' 'गणपतीपुळे.' तिसरी चिठ्ठी लिहून टाका आणि मग टेबलावरची एक वस्तू त्यांना घ्यायला लावा. त्या सुपारी घेतात. पेला त्यांच्याच हातावर उपडा करा. तिन्ही चिठ्ठ्या बरोबर.

पहिल्या चिठ्ठीवर तुम्ही शकू लिहिलेलंच नसतं. तिथे सुपारी लिहिलेली असते, कारण काकू सुपारीच घेणार हे तुम्ही आधीच ठरवलेलं आहे. दुसऱ्या चिठ्ठीवर शकू, एव्हाना ऐकलेलं. तिसऱ्यावर गणपतीपुळे. चिठ्ठ्यांवर आकडे घालायचे असतील तर पहिलीवर ३, दुसरीवर १, तिसरीवर २.

आता खाचाखोचा. प्रेक्षक पेनाची हालचाल बघतो, विशेषतः शिरोरेघ. 'गणपतीपुळे' ऐकल्यावर त्याला आठवतं की तुम्ही मघाशी चिमूटभरच रेघ ओढली होती. म्हणून सुटा शब्द लिहू नका, वाक्य लिहा: 'काकू सुपारी उचलतील', 'मैत्रिणीचं नाव शकू'. सगळ्या चिठ्ठ्या साधारण सारख्या लांबीच्या होतात आणि वाचायलाही रंगतदार. दुसरं, उत्तर ऐकल्याबरोबर पेन उचलायचं नाही. शकू ऐकलंत की शकूबद्दल एक प्रश्न विचारा, अजून भेटता का, शाळा कुठली. काकू खुलतात, लोक हसतात, आणि ऐकणं व लिहिणं यांच्यामधला धागा तुटतो. तिसरं, उत्तर मोठ्याने का सांगायला लावताय, याला कारण द्या. 'सगळ्यांना कळू द्या, नाहीतर म्हणतील काकू याच्याच बाजूच्या' एवढं पुरतं. चिठ्ठ्या लगेच का उघडत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही, जोवर तुम्ही स्वतः त्याचा खुलासा करायला जात नाही.

सुपारी घ्यायला कशी लावायची

पत्त्यातला फोर्स, म्हणजे आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला घ्यायला लावणं, येत असेल तर सुपारीऐवजी पत्ता चालेल. पण मेंटॅलिझममध्ये पत्ते आले की लोकांना मघाचे सगळे खेळ आठवतात. त्यापेक्षा वस्तू बऱ्या.

काकूंना सांगा, 'कुठल्याही दोन वस्तू उचला, एका हातात एक.' टेबलावर सुपारी उरली, तर हातातल्या दोन्ही वस्तू त्यांच्याकडून घेऊन खिशात टाका: 'म्हणजे सुपारी राहिली.' हातातल्या दोनपैकी एक सुपारी असेल, तर टेबलावरची तिसरी वस्तू बाजूला सारा आणि हात पुढे करा: 'आता एक मला द्या.' सुपारी दिली तर वर धरून लोकांना दाखवा, 'काकूंनी सुपारी दिली.' दुसरी वस्तू दिली तर ती ठेवून द्या, 'आणि काकूंच्या हातात राहिली सुपारी.'

सगळी भिस्त क्रियापदांवर आहे. 'निवडा' हा शब्द शेवटपर्यंत तोंडातून जाऊ द्यायचा नाही. उचला, द्या, ठेवा एवढंच. 'निवडा' म्हटलंत की निवड झाली आणि तुमचे रस्ते बंद. शिवाय प्रत्येक फाट्यावर तुमचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे. अर्धा सेकंद जरी अडखळलात तरी काकूंना नाही, पण तिसऱ्या रांगेतल्या कॉलेजच्या पोराला कळतं. तिन्ही वाटा आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. आणि हा प्रयोग एका घोळक्यापुढे एकदाच. 'परत कर' म्हणतील. करायचा नाही.

पुस्तकातला शब्द

१०८९ चं गणित शाळेत अनेकांनी ऐकलेलं असतं. तीन वेगळ्या अंकांची संख्या घ्या, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा, आलेलं उत्तर उलटं करून त्यातच मिळवा. ७३२ उणे २३७ म्हणजे ४९५. ४९५ अधिक ५९४ म्हणजे १०८९. कुठलीही संख्या घ्या, हेच येणार. एकच खड्डा: वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ धरून उलटी ९९० करावी लागते. म्हणून आधीच सांगून टाका, 'पहिल्या आणि शेवटच्या अंकात चांगलं अंतर ठेवा.'

गणित म्हणून हे दाखवलंत तर लोक जांभया देतील. त्याचा उपयोग फक्त एवढा की कुणाच्याही मनात नसलेला आकडा हवा होता, तो मिळाला. प्रेक्षकाच्याच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करू द्या आणि तुम्ही पाठ फिरवा. मग पुस्तक त्याच्या हातात द्या: 'पहिले तीन अंक पानाचे, शेवटचा शब्दाचा.' पान १०८, नववा शब्द. तो शब्द तुम्हाला आधीच पाठ आहे.

खरं काम पुस्तक शोधण्याचं. १०८ व्या पानावरचा नववा शब्द 'आणि' किंवा 'होता' निघाला तर सगळं पाणी. डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असा शब्द हवा: समुद्र, कंदील, म्हैस, पायरी. घरातली पुस्तकं काढून बसा, एखादं नक्की सापडतं. नवं चकचकीत पुस्तक नको, वाचलेलं, कोपरे दुमडलेलं घ्या. जोडशब्द किंवा संयोगचिन्ह आधी आलेलं नको, नाहीतर प्रेक्षक मोजताना चुकतो आणि दोष तुमच्या माथी.

आता उकल. मराठीत शब्द अक्षरागणिक काढत गेलात तर मजा येते. समजा शब्द आहे कंदील. 'तीन अक्षरं दिसताहेत. डोक्यावर काहीतरी आहे... अनुस्वार. मधल्या अक्षराला वेलांटी, पहिली की दुसरी ते जरा... तुम्ही शाळेत शुद्धलेखनात पैकीच्या पैकी होता का हो? दुसरी.' मग अक्षरं सोडून चित्रावर जा: 'अंधार आहे, पण पूर्ण नाही.' एखादी गोष्ट मुद्दाम जराशी चुकवा आणि स्वतःच दुरुस्त करा. सगळं खाडकन बरोबर आलं तर ती जादू वाटते. धडपडत आलं तर मनातलं ओळखल्यासारखं वाटतं.

सदतीस

'पन्नासच्या आतली दोन अंकी संख्या धरा. दोन्ही अंक विषम, आणि दोन्ही वेगळे. म्हणजे पंधरा चालेल, अकरा चालणार नाही.' बरेच लोक ३७ धरतात, त्याखालोखाल ३५. ऐकताना खूप पर्याय आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात आठच उरतात: १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७, ३९. त्यातला पंधरा तुम्ही बोलून बाद केलेला.

हा मुख्य आयटम कधीच करू नका. हा जाता जाता उडवलेला बाण. लागला तर हॉलमधले निम्मे लोक 'अरे, माझाही हाच!' म्हणून ओरडतात आणि पुढच्या प्रयोगासाठी वातावरण तयार होतं. नाही लागला तर 'बघूया, आज कोण लहर जुळवून घेतंय' म्हणत पुढे सरका. नवखे लोक यावरच सगळा कार्यक्रम टांगतात.

चिठ्ठी फाडून वाचणं

साधारण तीन इंचांचा चौकोनी कागद घ्या. मधोमध रुपयाएवढा गोल काढा: 'या गोलात एकच शब्द.' कागद अर्ध्यात दुमडा, पुन्हा अर्ध्यात. ज्या कोपऱ्याला एकही मोकळी कड नाही, तो कागदाचा मध्य, म्हणजे लिहिलेला भाग. तो उजव्या अंगठ्याखाली धरा. उभा फाडा, डाव्या हातातले तुकडे पुढच्या बाजूला ठेवा, वळवून पुन्हा फाडा. सगळे तुकडे ताटलीत टाकताना मध्य अंगठ्याखालीच राहतो. लिहायचं पॅड उचललात की त्याच्या आड अंगठ्याने तुकडा उलगडायचा आणि पॅडवर काहीतरी चितारण्याच्या निमित्ताने वाचायचा.

सांगायला आठ वाक्यं लागली, अंगवळणी पडायला महिने लागतात. जुन्या पद्धतीत तुकडे जाळतात. मांडवात कापड, झिरमिळ्या आणि वायरी असतात, तिथे काडी ओढू नका. पण चिठ्ठी फाडायला कारण मात्र हवं, नाहीतर जिथे तुम्ही ती फाडता तिथेच लोकांची नजर खिळते. 'लिहिल्याने शब्द मनात पक्का झाला, आता कागदाची गरज नाही' हे कारण मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

हात धरून शोधणं

याला मसल रीडिंग म्हणतात, आणि यात चिठ्ठीही नाही, चलाखीही नाही. वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप आणि स्टुअर्ट कंबरलँड हे दोघं १८८० च्या दशकात लपवलेल्या वस्तू अशा शोधून दाखवत. कंबरलँड तर उघड सांगायचा की यात दैवी काहीच नाही.

सराव अंगठीपासून. फूटभर दोऱ्याला अंगठी बांधा, कागदावर अधिक चिन्ह काढा, दोरा चिमटीत धरा आणि मनात फक्त 'उभी' म्हणा. हात हलवायचा नाही. थोड्या वेळात अंगठी उभी झुलायला लागते. विचार केला की स्नायू कळत नकळत हलतात. विल्यम कार्पेंटरने १८५२ मध्ये याला 'आयडिओमोटर' असं नाव दिलं. हान्सच्या प्रश्नकर्त्याचं डोकं असंच हलत होतं.

मग एखादा मित्र धरा. टेबलावर लांब लांब पाच वस्तू. त्याने एक मनात धरायची, तुमचं मनगट पकडायचं आणि मनातल्या मनात सतत सूचना द्यायच्या: डावीकडे, अजून, थांब. तुम्ही जरा डावीकडे सरका. बरोबर दिशेला हात हलका वाटतो, चुकीच्या दिशेला ओढ लागते. थांबून चाचपू नका. चालत राहा, कारण थांबलात की ओढ विरते. सुरुवातीला वस्तूपर्यंत पोचाल, ओलांडून पुढे जाल, मागे याल. तेच बघायला छान दिसतं.

माणूस कोण निवडता यावर निम्मं यश. हात बांधून, ओठ वाकडे करून बसलेला नको. ज्याला हसताना सगळं अंग हलतं, असा माणूस उठवा. अनोळखी बाईंचा हात धरण्यापेक्षा रुमालाची दोन टोकं दोघांनी ताणून धरली तरी ओढ समजते.

'तुमच्या हाताला यश नाही'

कुडमुडे जोशी, पिंगळा, पोपटवाला यांची काही वाक्यं आपल्याला पाठ आहेत. 'लोकांसाठी राबता, पण केल्याचं नाव होत नाही.' 'पैसा येतो, टिकत नाही.' 'बाहेरून कडक, आतून मऊ.' यातलं कुठलंही कुणालाही सांगा, तो मान डोलावतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर वाटला. पाचपैकी किती बरोबर, असं विचारल्यावर सरासरी गुण ४.२६ पडले.

कार्यक्रमात याची फोडणी चिमूटभर घालायची. काकूंना शकूबद्दल विचारताना 'अभ्यासात ती पुढे, पण वर्गात आवाज तुमचा' एवढं म्हणा. पटलं तर वाहवा, नाही पटलं तर विसरून जातात. मात्र आजार, लग्न, मूल, गेलेली माणसं, परीक्षेचा निकाल या पाच गोष्टींना हात लावायचा नाही. थट्टेतही नाही.

महाराष्ट्रात याला कायद्याचीही बाजू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं किंवा दहशत बसवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. करमणूक म्हणून सांगून केलेली जादू हा वेगळा विषय, पण 'मला सिद्धी आहे' म्हणालात की रेघ ओलांडलीत. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले श्याम मानव यांनी बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना मनातलं ओळखून दाखवण्याचं आव्हान दिलं, त्या दिवसांत मेंटॅलिस्ट सुहानी शाह हिने वृत्तवाहिन्यांवर तसेच प्रयोग करून ही कला आहे, असं सांगितलं होतं. तेव्हापासून आपला प्रेक्षक बराच शहाणा झालाय, आणि ते आपल्या फायद्याचंच आहे. सुरुवातीलाच हसत सांगा की आपण जादूगार आहोत आणि जे दिसेल ते तयारीतून आलेलं आहे. कुणाचाही रस कमी होत नाही.

तरी कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी तळहात पुढे करून येतंच. 'मुलीचं यंदा जमेल का?' तिथे टाळाटाळ करायची नाही. 'ताई, मला खरंच यातलं काही कळत नाही, ही जादू होती.' नीट, गंभीरपणे, एकदाच.

कार्यक्रमात बसवायचं कुठे

पहिल्या वर्षी एकच आयटम, आणि तो शेवटून दुसरा. त्याआधी पत्ते, दोऱ्या, स्पंजचे चेंडू सगळे पेटीत जाऊ द्यात, पेटी बंद करा, टेबल रिकामं दिसू द्या. पार्श्वसंगीत बंद. मघाशी चेंडूचे दोन करणारा माणूस चिठ्ठीचेही करू शकतो, ही शंका तिथेच मोडायला हवी. मनातलं ओळखल्यावर लोक टाळ्यांऐवजी एकमेकांकडे बघतात. नवख्याला वाटतं, पडला आयटम. पडलेला नसतो. दोन श्वास थांबा, टाळ्या येतात. शेवटचा आयटम मात्र रंगीत आणि मोठा ठेवा, मुलं जागी राहतात.

तालमीला आरसा कमी आणि मोबाईलचा रेकॉर्डर जास्त वापरा. संपूर्ण प्रयोग फक्त बोलून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. 'ही साधी कोरी चिठ्ठी आहे', 'मी काहीच बघत नाहीये', 'तुम्ही अगदी मोकळेपणाने सांगितलंत ना?' अशी वाक्यं कानावर येतील. कुणी संशय घेतलेला नसताना दिलेली ही सफाई. सगळी काढून टाका. मग उरलेलं परत म्हणा.